तारेला माया सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी बारावी-सीईटीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात कुठली ब्रँच घ्यावी, कशात स्कोप आहे, पॅकेज कुठं जास्त, यावर पानंच्या पानं येतात. मी ती वाचते, सवय लागलीय, कारण सत्तावीस वर्षं एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन डिपार्टमेंटला लॅब असिस्टंट होते आणि ॲडमिशनच्या दिवसात पालक आधी आम्हालाच गाठायचे, सर लोक मीटिंगमध्ये असायचे. पण त्या पानांवर एक गोष्ट कधीच नसते, चार वर्षांनी पोरांच्या हाताला काय येतं ती. आज त्यातल्या एकाच विषयावर लिहिते, अँटेना. पत्र लांबलं तर कापा, कापायची सवय मलाही आहे, पुढं कळेलच.

झालं काय, आमच्या अपार्टमेंटमधली एक मुलगी, फायनल इयरला आहे, ती मागच्या महिन्यात एका संध्याकाळी घरी आली. हातात मारी बिस्किटाएवढी हिरवट प्लेट, मध्ये तांब्याचा चौकोन, कडेला सोनेरी कनेक्टर. म्हणाली मावशी हा माझा प्रोजेक्ट, पॅच अँटेना, २.४५ गिगाहर्ट्झची, सिम्युलेशनमध्ये मायनस बत्तीस डीबी आलंय, म्हणजे पाठवलेल्यातलं जवळजवळ काहीच परत फिरत नाही, एकदम भारी, पण ही खरंच चालते का हे कसं बघायचं? चौथ्या वर्षाला, सबमिशनच्या पंधरा दिवस आधी, हा प्रश्न शेजारच्या मावशीला.

तिची यात काही चूक नाही. हा २.४५चा पॅच म्हणजे ईएनटीसीतला सत्यनारायण आहे, दरवर्षी असतो, कथा तीच, फक्त यजमान बदलतो. एफआर-फोरची, म्हणजे सर्किट बोर्डाच्या फायबरग्लासची, १.६ मिलिमीटर जाडीची शीट घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये तिचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे शीटमध्ये लहर किती हळू होते तो आकडा, ४.४ टाकायचा, उत्तर येतं साधारण ३७ बाय २९ मिलिमीटर, एचिंग करून म्हणजे नको ते तांबं रसायनानं काढून आणायचं, ग्राफ रिपोर्टला चिकटवायचा, व्हायवा झाला की प्लेट ड्रॉवरमध्ये. पण ते ४.४ काही देवानं लिहून दिलेलं नाही. शीट बदलली, कंपनी बदलली की ते ४.२ पण असतं आणि ४.६ पण असतं, आणि फ्रिक्वेन्सी त्याच्या वर्गमुळाच्या हिशोबात सरकते, म्हणजे ४.४च्या जागी ४.६ निघालं तर २.४५ची अँटेना २.४०च्या आसपास जाऊन बसते, आणि असल्या पातळ पॅचची चालायची पट्टीच मुळात साठ-सत्तर मेगाहर्ट्झची, त्यामुळं पन्नासनं सरकली की काम संपलं.

माझ्याकडं एक छोटा व्हीएनए आहे, नेटवर्क ॲनालायझर, कुठल्या फ्रिक्वेन्सीला अँटेनाकडून किती परत आलं ते दाखवणारा, मोबाईलएवढा, तीन गिगाहर्ट्झपर्यंत जातो. लावून बघितलं, डिप, म्हणजे सगळ्यात कमी परत येतं ती जागा, २.३९ला. तिचा चेहरा पडला, चुकलं म्हणाली. म्हटलं अगं चुकलं कुठं, तू सॉफ्टवेअरला सांगितलेली शीट वेगळी आणि तुझ्या हातातली वेगळी, आता उलट गणित कर आणि हातातल्या शीटचा आकडा काढ. अर्ध्या तासात तिनं काढला, ४.६च्या जरा पुढं आला, आणि दुसरा पॅच केवढा कापायचा ते मला सांगावंच लागलं नाही. चार वर्षांत एवढं कळलं नव्हतं म्हणाली. मला बरंही वाटलं आणि रागही आला.

राग कशाचा ते सांगते. आमच्या कॉलेजात मोठा नेटवर्क ॲनालायझर होता, आला तेव्हा पेढे वाटलेले. त्यानंतर तो कपाटात, वर निळं प्लास्टिक, किल्ली एकाच माणसाकडं, आणि कमिटी येणार असली की आदल्या दिवशी मी तो पुसून टेबलावर मांडायची, कमिटी गेली की परत आत. पोरांनी हात लावायचा नाही कारण कनेक्टर खराब होतील. आता त्यात तथ्य आहे बरं का, एसएमए कनेक्टर, तो छोटा सोनेरी, साधारण ५०० वेळा लावणं-काढणं सोसेल या बेतानं बनवलेला असतो आणि पोरं नट फिरवायच्या ऐवजी अख्खी केबलच पिळतात, आतली पिन घासली की गेलं. पण याला उपाय दीडदोनशे रुपयांचा आहे, मशीनच्या तोंडाला एक ॲडॉप्टर कायमचा बसवून ठेवायचा, झिजला तर तो झिजेल, मशीन नाही. हे मी लेखी दिलं होतं. उत्तराची अजून वाट बघते.

आणि आता तर तीही सबब राहिली नाही. २०१६च्या सुमाराला जपानमधल्या एका हौशी माणसानं नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र केलं आणि त्याची डिझाइन सगळ्यांसाठी खुली ठेवली, २०१९ पासून ते चीनमधून तयार मिळायला लागलं आणि आज साध्या मोबाईलच्या किमतीत येतं. बेसिक मॉडेल ९०० मेगाहर्ट्झपर्यंत जातं, म्हणजे एफएम आलं, हॅमचे म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे बँड आले, गाडीच्या रिमोटचं ४३३ आलं, आपल्याकडचं लोराचं, म्हणजे सेन्सरवाल्या कमी पॉवरच्या रेडिओचं, ८६५ ते ८६८ आलं. चार पोरांत एक द्यायला काय हरकत आहे मला कळत नाही. मोडलं तर मोडलं.

माझं म्हणणं एवढंच की अँटेना मॅक्सवेलच्या समीकरणांपासून, म्हणजे लहरींच्या मूळ गणितापासून, शिकवायला घेऊ नका, तारेपासून घ्या. समीकरणं हवीतच, पण तार चार वेळा कापून झाली की ती समीकरणं पोरं स्वतःहून विचारतात, हे मी बघितलंय.

तर पुढच्या रविवारी आम्ही गच्चीवर जमलो. ती मुलगी, तिचा नववीतला भाऊ आणि खालच्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका, ज्यांना सांगलीत बसून कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ खरखर न होता ऐकायची होती. करायचा होता डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेले तारेचे दोन सारखे हात. सामान म्हणजे घराच्या वायरिंगमधून उरलेली दीड एमएमची वायर, पीव्हीसी पाइपचा तुकडा, केबल जोडायला एक बीएनसी सॉकेट आणि सोल्डरिंग आयर्न. हिशोब सोपा आहे, ३००ला मेगाहर्ट्झनं भागलं की वेव्हलेंथ मीटरमध्ये येते, ३०० भागिले १०२.७ म्हणजे २.९२ मीटर, त्याच्या निम्मी १.४६. पण प्रत्यक्षात तार निम्म्यापेक्षा चार-पाच टक्के आखूड लागते, टोकांच्या परिणामामुळं, म्हणून जुने लोक सरळ १४३ भागिले मेगाहर्ट्झ असं पाठ करतात. आलं १.३९ मीटर, म्हणजे एका बाजूला ६९.६ सेंटिमीटर. भाऊ लगेच कटर घेऊन ६९.६वर खूण करायला बसला. म्हटलं थांब. शिंपी ब्लाउज बेततो तेव्हा मापावरच कापतो का? माया सोडतो. तशी तारेला माया सोड. आम्ही ७५-७५ कापल्या.

पहिलं रीडिंग आलं ९२.५. भाऊ म्हणतो मावशी तुमचा फॉर्म्युला चुकलाय, दीड मीटरला ९५ यायला पाहिजे होतं. पोरगं हुशार आहे. कारण वायरवरचं प्लास्टिक, फॉर्म्युला उघड्या तारेचा असतो आणि इन्सुलेशन असलं की लहर तारेवरून जरा हळू जाते, तीनेक टक्क्यांचा फरक पडतो. मग दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर छाटत गेलो, दर छाटणीला डिप सव्वा-दीड मेगाहर्ट्झनं वर चढायचा, त्याची ताई वहीत लिहीत होती, लांबी, फ्रिक्वेन्सी, एसडब्ल्यूआर (किती परत फिरतं त्याचा आकडा, एक म्हणजे काहीच नाही), आणि शेवटी शेवटी भाऊ पाच-पाच मिलिमीटरवर आला, जीभ बाहेर काढून. ६७.५ला १०२.७ बसलं. आता तुम्ही म्हणाल ६९.६लाच कापली असती तरी लांबच राहिली असती, मायेची गरज काय होती. बरोबर आहे, पण चूक कुठल्या बाजूला होणार हे आधी माहीत नसतं, आणि आखूड कापलेल्या तारेला जोड द्यायचा म्हणजे काय होतं ते ज्यानं दिलाय त्याला विचारा.

फ्रिक्वेन्सी बसली पण एसडब्ल्यूआर दीडच्या खाली जाईना. दोघं हैराण. मी मुद्दाम दहा मिनिटं काही बोलले नाही. मग ताईलाच आठवलं, डायपोल सरळ ताणला की मधोमध ७३ ओहमच्या आसपास असतो, हे तिनं परीक्षेत चार मार्काला लिहिलेलं, आणि आपला मीटर ५० ओहमचा, ७३ भागिले ५० केलं की दीडला किंचित कमी, म्हणजे अँटेना बिचारी खरंच सांगत होती. दोन्ही हात खाली झुकवले, उलटा व्ही केला, तर आकडा १.१ वर आला. डिप थोडासा हलला, तो टोकं जरा मुडपून परत आणला. खरं तर ऐकायला याची काही गरज नव्हती, दीड असला तरी फक्त ४ टक्के परत जातं, दोन असला तरी ११ टक्के, आणि टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असते ती तर सरळ डायपोलला तशीच चालली असती. पण आकड्याच्या मागं काय आहे हे त्या दहा मिनिटांत दिसलं. काका म्हणाले एवढं करण्यापेक्षा मोबाईलवर ॲप आहे की आकाशवाणीचं. काकांना चहा दिला.

आता जिथं सगळे पडतात ती जागा, कॅलिब्रेशन. ओपन म्हणजे उघडं टोक, शॉर्ट म्हणजे आत जोडलेलं टोक आणि ५० ओहमचा लोड, हे तीन एकामागून एक लावून यंत्राला सांगायचं असतं की इथून पुढचं मोज. हे "इथून" महत्त्वाचं. ताईनं कॅलिब्रेशन यंत्राच्या तोंडाशी केलं आणि मग पाच मीटर केबल लावून अँटेना जोडली. स्मिथ चार्टवर, म्हणजे अँटेनाचा ओहमचा हिशोब दाखवणाऱ्या गोल तक्त्यावर, आली जिलबी, गोल गोल गोल, कारण केबलमधलं प्रत्येक पुढं-मागं होणं त्या चार्टवर फेऱ्या मारतं. हा चार्ट १९३९ पासून चालत आलाय, आपल्याकडं अजून छापील कागदावर कंपासनं काढून घेतात आणि पोरांना वाटतं तो परीक्षेसाठीच शोधलाय. केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला परत कॅलिब्रेट केलं की जिलबीचा एक छोटा वेटोळा उरला. फ्रिक्वेन्सीची रेंज बदलली तर कॅलिब्रेशन परत करायचं, हेही लोक विसरतात. विकतचा लोड नसला तर दोन १०० ओहमचे छोटे रेझिस्टर समांतर कनेक्टरला अगदी मुळाशी सोल्डर करा, पाय आखूड ठेवून, एफएमच्या रेंजला झकास चालतं.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते एसडब्ल्यूआरबद्दल, कारण हॅम मंडळी काय, वायफायवाले काय, सगळे त्या एका आकड्याला देव मानून बसलेत. मी लॅबमध्ये एक खेळ करायची, सर नसले की. जुन्या आरजी-५८ केबलचं २५ मीटरचं वेटोळं, दुसरं टोक पिशवीत झाकलेलं, पोरांना सांगायचं ही ४३३ची अँटेना आहे, कशी आहे सांगा. मोजायचे, एसडब्ल्यूआर दीडच्या आत, खूश, म्हणायचे मॅडम बेस्ट अँटेना आहे. मग पिशवी काढायची, आत काहीच नाही, केबलचं उघडं टोक. काय झालं? ती केबल त्या फ्रिक्वेन्सीला जाताना नऊएक डीबी खाते, म्हणजे जेमतेम आठवा भाग उरतो, उघड्या टोकावरून सगळं परत फिरतं, येताना परत नऊ खाते, यंत्राला वाटतं परत काही आलंच नाही म्हणजे सगळं हवेत गेलं. हवेत कुठलं, केबलमध्येच जिरलं. डमी लोड, म्हणजे नुसता ५० ओहमचा रेझिस्टर, त्याचाही एसडब्ल्यूआर एक असतो, म्हणून त्यावर कोणी बातम्या ऐकतं का. आणि त्या मुलीचा एफआर-फोरचा पॅच तरी काय, डिप कितीही खोल असला तरी त्यातला बराच भाग शीट गरम करण्यात जातो, म्हणून मायनस बत्तीस डीबी वाचून मला काही वाटत नाही. परत किती आलं एवढंच तो आकडा सांगतो. बाहेर किती गेलं ते वेगळं मोजावं लागतं.

दुसरा खेळ हाताचा. डायपोलला केबल थेट जोडलेली असली तर केबल मुठीत धरून बघा, आकडा हलला तर समजा केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही करंट वाहतोय आणि केबलच अँटेनाचा तिसरा हात झालीय. उपाय, अँटेनाजवळ केबलचे पाचसहा वेढे, किंवा जुन्या मॉनिटरच्या केबलवर तो काळा गोळा असतो ना फेराइटचा, तो काढून इथं लावायचा. आम्ही लावला, नंतर मुठीत धरलं तरी डिप हलला नाही. गच्चीच्या फरशीवर अँटेना ठेवून मोजलं तर वेगळं, बांबूवर चढवून मोजलं तर वेगळं, कारण स्लॅबमध्ये लोखंड आहे. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, मोजणारा माणूस, सगळे त्या मोजमापात आपापलं घालतात. सॉफ्टवेअरमध्ये अँटेनाभोवती पोकळी असते. सांगलीत पोकळी मिळत नाही.

आमच्या ह्यांचं टीव्ही-रेडिओ रिपेरिंगचं दुकान होतं. दूरदर्शनच्या त्या दिवसात अँटेना चढवणं हाच मुख्य धंदा, गच्चीवर हे दांडा फिरवणार, खाली घरातलं कोणीतरी खिडकीतून ओरडणार, आलं आलं, गेलं, मागं घ्या, आता मुंग्या कमी. लोक त्यावर हसतात पण माझ्या मते ते शुद्ध मेजरमेंट होतं, मीटर म्हणजे पडद्यावरच्या मुंग्या. ह्यांचं शिक्षण दहावी, पण मागची दांडी लांब का आणि पुढच्या आखूड का हे ते गिऱ्हाइकाला असं समजावायचे की मागची ढकलते, पुढच्या ओढतात. ती अँटेना १९२६च्या सुमाराला जपानमध्ये उदा आणि यागी या दोघांनी केलेली, आणि नाव एकट्या यागींचं पडलं, हे मला फार नंतर लॅबमध्ये कळलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले जगात सगळीकडं दुकान एकाचं आणि काम दुसऱ्याचं. त्यांचा खरा हातखंडा वेगळाच होता, पावसाळ्यानंतरच्या तक्रारी. अँटेनावरच्या जोडाच्या डब्यात पाणी शिरून तांबं-ॲल्युमिनियमच्या जोडावर खार धरायचा, हिरवट-पांढरा, चित्र जायचं आणि लोक टीव्ही बदलायला निघायचे. हे आधी डबा उघडायचे, पॉलिश पेपर मारायचे, एम-सील लावायचे आणि केबल घरात घेण्याआधी खाली एक झोल सोडायचे, पाणी तिथून ठिबकून जावं म्हणून. हे एकाही पुस्तकात मी नीट वाचलेलं नाही. आणि वीजेच्या तारा जिथून जवळ असतील तिथं ते चढायचेच नाहीत, कितीही पैसे देतो म्हटलं तरी.

पॅटर्नचं, म्हणजे अँटेना कुठल्या दिशेला किती टाकते त्याचं, मोजमाप म्हणजे तर लोकांना वाटतं लहरी शोषून घेणाऱ्या निळ्या सुळक्यांची खोलीच पाहिजे. असली तर उत्तमच. नसली तर गणपतीच्या आराशीतली फिरती थाळी घ्या. खरंच सांगते. थाळीच्या कडेनं कागद लावून दहा-दहा अंशाच्या खुणा केल्या, मोटर काढून टाकली, वर पाइप आणि त्यावर ४३३चा छोटा डायपोल, दोन्हीकडं साडेसोळा सेंटिमीटर. समोर पाच मीटरवर तसाच दुसरा. नॅनोव्हीएनएला दोन तोंडं असतात, एकातून जातं ते दुसऱ्यात किती पोचलं हे तो दाखवतो, सिग्नल इतका बारीक की कोणाला त्रास नाही. मोठ्या पॉवरनं हवेत सोडायचं असेल तर हॅमची परीक्षा देऊन लायसन्स काढा, बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं. तर थाळी हातानं दहा अंश फिरवायची, सगळ्यांनी मागं सरायचं, रीडिंग घ्यायचं, असे छत्तीस. डायपोलच्या टोकांच्या दिशेला खड्डा दिसायला पाहिजे, कागदावर इंग्रजी आठचा आकडा उमटायला पाहिजे.

पहिल्यांदा हे आम्ही दुपारचं ऊन नको म्हणून खालच्या पॅसेजमध्ये केलं. खड्डा जेमतेम पाच डीबी. आठ नाही, बटाटा आला. ताई म्हणाली दोन दिवस वाया गेले. मग संध्याकाळी तीच थाळी, तेच डायपोल, गच्चीच्या मध्यावर उंच करून, टाकीपासून लांब. खड्डा अठरा डीबी, आणि बटाट्याची कंबर बारीक होत होत खरंच आठ झाला. पॅसेजच्या भिंतींवरून आपटून येणारे सिग्नल तो खड्डा भरून काढत होते. तिनं दोन्ही कागद रिपोर्टला लावलेत, बटाटासुद्धा, गाइडनी काढायला सांगितला होता पण तिनं ऐकलं नाही. मग डायपोलच्या जागी तीन काड्यांची यागी लावली तर समोरून साडेचार डीबी जास्त आलं, म्हणजे डायपोलच्या वर साडेचार, दुकानदार ज्यात मोजतात त्या डीबीआयमध्ये, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं टाकणाऱ्या कल्पित अँटेनाच्या वर, धरलं तर त्यात २.१५ मिळवा, साडेसहा झाले. बाजारात खोक्यावर पंधरा लिहिलेलं असतं तेव्हा कशाच्या वर पंधरा हे आधी विचारायचं. नवीन पॉवर कुठून येत नाही, नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी लांब जातं तसलंच ते.

मोठ्यातली मोठी अँटेना बघायची तर लांब जायला नको, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं लोकांना आत सोडतात आणि पोरांची प्रदर्शनं असतात, मी दोनदा कॉलेजची बस घेऊन गेलेय. लांबून बघून पोरं म्हणतात मॅडम ह्याला तर नुसती जाळी आहे, आरपार दिसतंय. तीच तर गंमत. तिथं वेव्हलेंथ २१ सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या, आणि जाळीचं भोक वेव्हलेंथच्या दहाव्या भागापर्यंत असलं तरी लहरीला ती भिंतच वाटते, म्हणून १० ते २० मिलिमीटरच्या भोकांची तारेची जाळी पुरते, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या लोकांनी हे दोरखंडांवर जाळी ताणून बसवलं. म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात तार आणि जाळीचं हे असलं काम उभं आहे, पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी स्वतः केलेला एक किलोचा स्वयम् उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्हीवरून वर गेला, आणि इथं चौथ्या वर्षाच्या मुलीला अँटेना चालते का हे बघायची सोय नाही.

तेव्हा तुमच्यामार्फत कॉलेजवाल्यांना विनंती. तिसऱ्या वर्षाच्या अँटेनाच्या पेपरला पहिले चार आठवडे फळा नको, वायर, कटर आणि चार पोरांत एक छोटा व्हीएनए द्या. जर्नलमध्ये छापील ग्राफ घेऊ नका, हातानं लिहिलेला लांबी-फ्रिक्वेन्सीचा तक्ता घ्या, खाडाखोड असलेला. प्रोजेक्टला सिम्युलेशनच्या ग्राफवर मोजलेला ग्राफ काढायला लावा, आणि दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले असतील तर व्हायवा जरा जास्त वेळ घ्या. कपाटातल्या मोठ्या मशीनला ॲडॉप्टर लावा आणि किल्ली लॅब असिस्टंटकडं द्या. आणि संपादक साहेब, ब्रँच कुठली घ्यावीच्या पानावर पुढच्या वर्षी एक चौकट द्या, कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमध्ये शिरून विचारा की हे मशीन शेवटचं कधी चालू केलं होतं. उत्तर कोण देतं आणि किती वेळानं देतं ते बघा.

आपली,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, सांगली

ता.क. काकांचा उलटा व्ही अजून गच्चीवर आहे आणि १०२.७ स्वच्छ लागतं. फक्त मंगळवारी लागत नव्हतं. जाऊन बघितलं तर तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याच्या एका हातावर ओली चादर वाळत टाकलेली.